घास आधी, घोट मागून

बनुबाईचं भर दुपारी बोलावणं आलं, तेव्हाच कानिफनाथनं ओळखलं. भाद्रपद लागलेला, पितृपंधरवडा तोंडावर, आणि या दिवसांत म्हातारीनं बोलावलं की विषय एकच असायचा, गोरक्ष. गोरक्ष म्हणजे बनुबाईचा एकुलता एक. कानिफनाथच्या बरोबरीचा. दोघंही पारनेर तालुक्यातल्या या माळावरच्या गावातून एकाच दिवशी पलटणीत भरती झाले, एकाच बोटीनं समुद्रापार गेले. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात इटलीत एक नदी ओलांडताना गोरक्ष पडला. कानिफनाथ घरी आला, गोरक्षाची तार आली.

तेव्हापासून एक रीतच पडून गेली होती. लग्नाआधी गेलेल्याचं पित्र पंचमीला घालतात. त्या दिवशी बनुबाई खीर-पुरी, गवारीची भाजी, कढी, वडे असा साग्रसंगीत स्वयंपाक करायची आणि पान वाढण्याआधी कानिफनाथला समोर बसवून म्हणायची, "सांग, माज्या पोराचं शेवटचं जेवान." पोरगं उपाशीपोटी गेलं नाही, एवढं तिला दरसाल नव्यानं ऐकायचं असायचं. आईचं काळीज, दुसरं काय.

पहिल्या साली कानिफनाथनं भाबडेपणानं सगळंच सांगितलं होतं. नदी ओलांडायच्या आदल्या सांजेचं डोंगरावरचं दगडी घर, घरातली म्हातारी, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेलं मेंढराचं मटण, पांढरा घेवडा, जाड पाव आणि द्राक्षांची लाल दारू. दारूचं नाव निघायचा अवकाश, बनुबाई ताडकन उठली होती. "मुडद्या, माजं पोर दारू पीत न्हाई! तेवढं सोडून सांग." मग दरसाल तो तेवढं सोडून सांगायचा. पण खरं बोलायचं तर, ती सांज म्हणजे ती दारूच होती. ती काढल्यावर गोष्टीत मागं काय राहायचं? चार माणसं बसली, जेवली, उठली. सांगताना त्याला स्वतःलाच ते फिकं लागायचं.

यंदा मात्र म्हातारी आषाढातल्या तापातून उठलेली. गावानं तिची आशा सोडली होती. ती उठली ती निव्वळ हट्टानं. अंगावर मांस राहिलं नव्हतं, डोळे अधू झालेले, दात मागच्या बाजूचे तेवढे शाबूत. जीभ होती तशीच तिखट.

"कानिफा," ती म्हणाली, "यंदा त्ये सोडल्यालं बी सांग."

"काय सोडल्यालं, मावशे?"

"लई शाना हायेस. त्ये. दारूचं."

कानिफनाथ डोकं खाजवायला लागला.

"आन् नुसतं सांगू नगं. घिऊन ये. त्यानं जे खाल्लं, जे पिलं, त्ये समदं माज्या म्होरं ठिव. मी चाखनार हाय."

"मावशे, याड लागलं का तुला? पित्रांच्या दिशी मटान? दारू? गाव तोंडात शेन घालंल."

"पोर माजं का गावाचं?" म्हातारी कडाडली. "फौजंत मेल्याला तिथी नसती आन् सोवळं बी नसतं." मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "आरं, मी आता जानारच. आज न्हाई तर उद्या. वर पोरगं भेटंल. भेटल्यावर बोलू काय त्याच्यासंगं? शेवटाला त्याच्या तोंडात कसली चव हुती, एवढं बी आईला ठाव नगं?"

कानिफनाथ "बघतो" म्हणून उठला, पण वाटेनं त्याच्या जिवाला घोर लागला. त्याला ती चव ठाऊक होती. पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं, जीभ आखडते. म्हातारीनं तो एक घोट घेतला आणि थुंकून टाकला तर? "माज्या लेकराला हे विख पाजलं" म्हणाली तर? उरलेले दिवस ती तेच डोक्यात घेऊन काढणार. इतकी वर्षं निदान पोरगं पोटभर जेवून गेलं एवढं समाधान तरी होतं; तेही आपल्या हातानं जायचं.

रतनबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून आधी कपाळावर हात मारला. "तुमी बी म्हातारीच्या नादी लागा!" मग थोडा वेळ भाकरी थापत राहिली आणि म्हणाली, "मटान मी शिजवीन. पन आपल्या चुलीवर न्हाई, त्यांच्या बी न्हाई. परड्यात तीन धोंडं मांडीन. दारूचं तुमचं तुमी बघा."

आता दारू म्हणाल तर तालुक्यात कमी नव्हती. गावोगाव भट्ट्या धगधगत होत्या. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं ते साल, गूळ आणि नवसागर दोन्ही मिळायचं. पण द्राक्षांची? कानिफनाथ सुप्याला जाऊन एस्टीत बसला आणि नगरच्या कॅम्पात आसारामला गाठलं. आसाराम त्याच्याच पलटणीतला, आता साहेब लोकांच्या मेसमध्ये खानसामा होता. खानसामा म्हणजे काय, मेसचा अर्धा मालकच तो.

"रम ने," आसाराम म्हणाला. "फौजी गडी तू, वाईनचं काय घिऊन बसला?"

"मला न्हाई रं. गोरक्षाच्या आईला."

आसारामच्या हातातली पळी तशीच राहिली. गोरक्ष त्यालाही ठाऊक होता. तो आपल्या खोलीत गेला आणि पेटीतून, कपड्यांच्या तळातून, एक काळपट बाटली काढून आणली. कुणी साहेब बदलून जाताना त्याला दोन बाटल्या देऊन गेला होता. एक त्यानं उघडून बघितली होती. "थू थू झालं तोंडाचं. वाटलं नासली आसंल. शेवटी रश्शात वतली. ही घिऊन जा. पन मला सांग गड्या, आपल्याला तिथं त्या वक्ताला ह्येच ग्वाड कसं लागत हुतं?"

"तेच तर बघायचंय," कानिफनाथ म्हणाला.

येताना बाटली धोतरात गुंडाळून, धोतर पिशवीत, पिशवीवर मेथीच्या चार जुड्या. दारूचं परमिट नव्हतं ना! कंडक्टरनं "पिशवी वर ठेवा" म्हटलं तरी हा मांडीवरून हलवीना. "तान्ह्या पोरावानी काय धरून बसलाय?" म्हणून शेजारचा हसला. कानिफनाथ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर कुसळांचा माळ, मधूनच बाजरीचं शेत, मेंढरांचा कळप. आणि त्याला दिसत होता तो दुसराच डोंगर.

किती थंडी होती तिथं. पायाची बोटं आपली वाटत नव्हती. चिखलातून चढून चौघंजण त्या घरापाशी गेले तेव्हा दार उघडणारी म्हातारी आधी भ्यायली होती. मग तिनं गोरक्षाचे भिजलेले पाय बघितले आणि हाताला धरून त्याला चुलीपुढं बसवलं. तिचे दोन्ही लेक लढाईवर होते, भिंतीवर त्यांचे फोटो होते. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण ताट वाढायला भाषा कशाला लागते? तिनं मटण भाजायला घातलं तसा लसणाचा वास सुटला आणि चौघेही चुलीकडं सरकले. गोरक्षच म्हणाला होता, "आईच्या चुलीचा वास." मग म्हातारीनं चुलीच्या उबेला ठेवलेली सुरई उचलली. गोरक्षानं पहिलाच घोट पाण्यासारखा घटाघटा घेतला, आणि असं काही तोंड केलं की म्हातारी पोट धरून हसली. तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला, बोटानं आधी मटण दाखवलं, मग तोंड, चावायची खूण केली, आणि मग पेला परत दिला. घास आधी, घोट मागून. एवढंच तिनं शिकवलं. कानिफनाथला ते दगडी घर अजून आठवायचं. गावात ज्याला त्याला बंदुकीच्या गोष्टी हव्या असायच्या. त्या घराची गोष्ट ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

पंचमीला सकाळी रतनबाईनं बनुबाईच्या परड्यात तीन धोंडे मांडले. घरात चुलीवर खीर, वडे, सगळं नेहमीचं झालंच होतं. ते म्हातारीनं सोडलं नव्हतं. कानिफनाथनं आपल्या परीनं पाहुणचार करायचा म्हणून बाटली रात्रीच रांजणात बुडवून ठेवली होती. उन्हाळा असो, हिवाळा असो, आपल्याकडं येणाऱ्याला गार पाणी द्यायची रीत. हाही आलेला पाहुणाच की! बूच काही निघेना. ओढून बघितलं, दाभणानं टोचून बघितलं, शेवटी रवीच्या दांड्यानं आत ढकललं. भसकन वास आला. बनुबाईनं नाक वर केलं.

"चिंचंवानी वास हाय."

कानिफनाथनं देवघरातलं पितळेचं फुलपात्र घेतलं, तशी रतनबाई परड्यातूनच ओरडली, "आवं, पितळंत आंबट वततात व्हय? कळकंल की समदं! पन्नाशीला आला, एवढं कळंना?" मग चहाचे काचेचे गिलास शोधले. लाल म्हणावं तर लाल नाही, पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग. बनुबाईनं गिलास उन्हात धरला, डोळे बारीक करून आत बघितलं.

"पैलं पोराचं त्वांड ग्वाड करू," ती म्हणाली आणि आधी खिरीचा घास घेतला. कानिफनाथनं थांबवायला हात उचलला, पण उशीर झाला होता. तिनं खिरीवर घोट घेतला.

म्हातारीचं सगळं तोंड आवळून आलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं तो घोट कसाबसा गिळला आणि गिलास असा आपटला की रतनबाई धावत आली.

"ह्ये? ह्ये पिलं माजं पोर? आरं, ही कडू बी हाय, आंबट बी हाय, आन् वर जीभ धरती! काय म्हून पाजलं त्याला? त्याला कुनी मारून-मुटकून पाजलं का रं?"

ज्याची भीती होती तेच झालं. कानिफनाथनं गिलास उचलला. "न्हाई मावशे, तसं न्हाई," एवढंच तो म्हणाला, आणि स्वतः एक घोट घेतला. खरंच की. गारढोण, कडक, नुसता तुरटपणा. आसाराम म्हणाला तसंच. क्षणभर त्याला वाटलं, आपणच इतकी वर्षं मनात काहीतरी रंगवून ठेवलं. ते घर, तो वास, ती चव, सगळं थंडीनं आणि भुकेनं केलेलं असणार. याचं त्याला म्हातारीच्या रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

रतनबाईनं मात्र गिलासाला हात लावून बघितला. "तुमच्या त्या म्हातारीनं बी रांजनात ठिवली हुती का?"

"न्हाई," कानिफनाथ म्हणाला. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "आगं, चुलीपाशी! चुलीपाशी उबंला ठिवली हुती तिनं!"

"मंग? आमच्या नशिबी असला हुशार गडी." रतनबाईनं बाटली उचलली आणि परड्यातल्या धोंड्यांपासून हातभर अंतरावर, उबेला नेऊन ठेवली. "आता जरा दम धरा. मटान हुईस्तवर गप बसा दोघं बी."

बसले. बनुबाई कानिफनाथकडं बघेना. रतनबाईनं पातेलं उतरवलं. हळद, मीठ, लसूण घालून, तिखट न घालता शिजवलेलं, ज्याला अळणी म्हणतात ते मटण. लहान पोरांना आणि बाळंतिणीला बाजूला काढून देतात तेच. पुढं काळा मसाला घालून झणझणीत रस्सा करायचा तिचा बेत होता, हातात मसाल्याचा डबाही होता.

"घालू नगं," कानिफनाथ म्हणाला. "तिथं मसाला नव्हता. तिखट बी नव्हतं. तुकडं काढ आन् निखाऱ्यावर धर. वरनं लसूण ठेचून लाव."

"अळनी मटान पित्राला?" रतनबाई कुरकुरली, पण तिनं तुकडे निखाऱ्यावर धरले. चरबी निखाऱ्यावर ठिबकली, चरचर झाली, धूर उठला. भाजलेल्या लसणाचा आणि मटणाचा तो वास परडंभर झाला आणि कानिफनाथला बसल्या जागी भडभडून आलं. तोच होता. काडीचा फरक नव्हता. त्यानं मनात काही रंगवलेलं नव्हतं.

त्यानं मऊ शिजलेला, वरून करपलेला एक तुकडा घेतला, बारीक केला, बाजरीच्या भाकरीच्या कोरीत धरला आणि बनुबाईपुढं केला. "मावशे, एकडाव माजं ऐक. ह्यो घास घे. गिळू नगं लगेच. चाव. त्या म्हातारीनं गोरक्षाला असंच शिकवलं हुतं. घास आधी, घोट मागून."

"तिनं शिकवलं?"

"तिनंच. त्यानं बी पैल्यांदा तुज्यावानीच त्वांड वाकडं केलं हुतं."

म्हातारीनं घास हुंगून बघितला. मग तिनं घास घेतला. मागच्या चार दातांनी हळूहळू चावत राहिली, आणि चावता चावताच हात पुढं केला. कानिफनाथनं उबेची बाटली उचलून गिलासात दोन घोट ओतले. तिनं घोट घेतला. रतनबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

बनुबाईचं तोंड आवळलं नाही. ती थांबली. परत थोडं चावली. मग न विचारता दुसरा घास घेतला, त्यावर दुसरा घोट.

"आता जीभ धरीत न्हाई," ती म्हणाली. "मटनाचा चिकटा धुऊन काढती. आन् मागनं काय तरी ऱ्हातं तोंडात... जांभळावानी. धुरावानी." तिनं जीभ टाळ्याला लावून बघितली. "ग्वाड न्हाई. पर बरं लागतंय. लई बरं लागतंय, रतने."

कानिफनाथनंही घास खाल्ला, घोट घेतला. तो डोंगर, ती चूल, चौघांच्या मांडीला मांडी लागलेली, गोरक्षाच्या ओल्या कोटाची वाफ, सगळं त्या एका घोटात वर आलं.

"त्यानं किती खाल्लं?" बनुबाईनं विचारलं.

"मागून घेतलं, मावशे. म्हातारी वाढून थकली. शेवटी तिनं आपल्या ताटातलं त्याला दिलं. आन् पिला बी. सावकाश, एकेक घोट, बोलत बोलत. म्हनत हुता, गावाकडं माळाला खडक हाय, पानी न्हाई, पन ह्या डोंगराला बी खडकच हाय की. तर आपल्याकडं बी हा वेल का लावू नये? म्हातारीकडनं वेलाच्या काड्या मागून घेतल्या हुत्या त्यानं."

हे त्यानं आजवर कधीच सांगितलं नव्हतं. दारू सोडून सांगायचं म्हटल्यावर वेल तरी कुठून येणार?

बनुबाई ऐकत होती. तिचा हात खिरीच्या वाटीकडं गेला, वाटी तिनं जराशी बाजूला सारली.

"माज्याकडनं गेला तवा सायीसाठी रुसायचा," ती म्हणाली. "दुधावरची साय दुसऱ्या कुनी खाल्ली तर दिसभर बोलायचा न्हाई. म्हनून मी आपली खीर घालते, दरसाल. साय घालून."

"व्हय, मावशे."

"त्या पोराच्या तोंडाला ह्ये लागलं नसतं, कानिफा. त्यानं थुंकलं असतं." तिनं गिलास बोटानं दाखवला. "ह्ये लागायला मानूस मोठं व्हावं लागतं."

कानिफनाथनं तिच्या गिलासात आणखी एक घोट ओतला.

"शेताचा इचार करीत हुता म्हन. वेल लावायचा म्हन. म्हंजी मोठा झाला हुता की रं तिथं. आन् मी हितं त्याला अजून साय घालतीया." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "पोराचं पित्र घालीत आले मी येवढी वर्सं. कर्त्या बापयाचं घातलंच न्हाई."

रतनबाई पुढं झाली आणि म्हातारीच्या पाठीवर हात ठेवून बसली. "आत्याबाई, आज घातलं की."

बनुबाईनं मान हलवली. मग कानिफनाथकडं वळली. नदीचं तिनं इतक्या वर्षांत शंभरदा विचारलं होतं, गोळी कुठं लागली ते विचारलं होतं, शेवटचा शब्द काय, हातपाय कुणी सरळ केले, साहेब काय म्हणाला, सगळं विचारून झालं होतं. आता ती विचारताना लाजल्यासारखी झाली.

"कानिफा, त्याला मिशा आल्या हुत्या का रं?"

"आल्या हुत्या, मावशे. चांगल्या दाट. उजवीकडची जरा वर उभी ऱ्हायची, ती सारखी बोटानं दाबायचा."

"तुज्यापरीस दाट?"

"माज्यापरीस लई दाट."

बनुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"बापावर गेला हुता मंग," ती म्हणाली.